ताणलेलं पोलाद

दसरा तोंडावर आला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या रस्त्याकडेच्या गॅरेजांत पाय ठेवायला जागा राहत नाही. गळीत हंगाम उंबऱ्यावर असतो. पावसाळाभर उभे राहिलेले उसाचे ट्रक एकेक करून बाहेर निघतात. कुणाच्या क्लच प्लेटा संपलेल्या, कुणाचे पाटे बसलेले, आणि दोन-चार गाड्यांची तरी हेड उतरवून ठेवलेली. न्हावऱ्याहून नागरगाव, पारगाव करत, भीमा ओलांडून चौफुल्याला निघणारा रस्ता या दोन तालुक्यांना जोडतो. न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याला, पाटसच्या भीमा कारखान्याला वर्षानुवर्षं ऊस ओढणाऱ्या गाड्या याच भागातल्या, आणि त्यांना हंगामभर चालती ठेवणारे मिस्त्रीही इथलेच.

अशाच एका पत्र्याच्या शेडखाली मी एक अख्खी दुपार बसून काढली. सहा सिलिंडरचं जुनं इंजिन, सिलिंडरांवरचं झाकण म्हणजे हेड, ते उतरवलेलं. खाली गोणपाट अंथरून त्यावर हेड आवळून धरणारे स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे, नट आणि वायसर ज्या जागेवरून निघाले त्याच क्रमानं मांडलेले. मिस्त्री एक स्टड उचलायचे, उजेडाकडे तोंड करून आट्यांवरून नख फिरवायचे आणि परत ठेवायचे. एका स्टडवर त्यांचं नख अडलं. त्यांनी तो दुसऱ्या नव्या स्टडच्या शेजारी, आट्यांत आटे बसवून धरला. वरचे चार-पाच आटे बरोबर जुळले, मग हळूहळू फट दिसायला लागली. स्टड मधे बारीक झाला होता, आटे एकमेकांपासून लांब गेले होते. पोलाद ओढून ओढून कायमचं लांबलं होतं. त्यांनी तो बाजूला टाकला आणि पोऱ्याला विचारलं, "भोकं पुसलीस का?"

"पुसली की, मिस्त्री."

"तळापर्यंत?"

पोऱ्या गप्प राहिला, आणि हवेचा पाइप घेऊन परत बसला. त्या प्रश्नाशी माझं जुनं नातं आहे. ते पुढे सांगतो.

आधी हा प्रश्न घेऊ, की हेडला एवढं घट्ट आवळायचं तरी कशासाठी. त्यासाठी आत काय घडतं ते डोळ्यांपुढे आणायला हवं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा सोळा-सतरा पटींनी दाबली की ती इतकी तापते की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलनं १८९३ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथं आपल्या पहिल्या इंजिनाची चाचणी घेतली, तेव्हा आतल्या दाबानं दाब मोजायचं यंत्रच फुटलं होतं. नीट चालणारं इंजिन उभं करायला त्याला १८९७ उजाडलं. म्हणजे दाब कोंडून धरणं ही या इंजिनाची जन्मापासूनची अडचण.

आपल्या रस्त्यांवरच्या ओळखीच्या इंजिनावर हिशेब करू. टाटांच्या ट्रकमधलं ६९७ हे इंजिन महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या मिस्त्रींच्या हाताखालून गेलेलं. त्याचं नावच त्याची ओळख सांगतं: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. टाटांची टेल्को आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांचा १९५४ साली करार झाला, तो १९६९ पर्यंत चालला, आणि हे इंजिन त्याच जर्मन घराण्यातलं. ९७ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ म्हणजे सुमारे ७४ चौरस सेंटिमीटर, तळहाताहून फार मोठं नाही. टर्बो नसलेल्या अशा इंजिनात डिझेल पेटतं त्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरवर ८० किलोचा दाब धरला, तर त्या तळहाताएवढ्या जागेवर ५,९०० किलोचा धक्का बसतो. जवळजवळ सहा टन. ज्या १२१० ट्रकला हे इंजिन बसायचं, त्याचं मालासकट वजन बारा टनांच्या घरात. म्हणजे भरलेल्या ट्रकचं अर्धं वजन एका सिलिंडरखाली येऊन हेडला खालून ढुशी मारतं आहे, असं समजा.

आणि हे एकदा नाही. इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ९०० वेळा पेटतो, तासाला ५४ हजार वेळा. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुला गाठेपर्यंत भरलेल्या गाडीला साधारण तेवढाच वेळ लागतो. आजच्या टर्बो इंजिनांत दाब याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असतो. या सगळ्या ढुशा हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या एका पातळ गॅसकेटनं अडवायच्या. त्याच गॅसकेटमधून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा जातात, ऑइलच्या वाटा जातात, आणि तिघांनी एकमेकांच्या घरात डोकावायचं नाही. गॅसकेटनं जागा सोडली की काय होतं ते गाडीवाल्यांना सांगायला नको. रेडिएटरचं झाकण उघडलं की पाण्यात बुडबुडे उठतात, पाणी कुठं जातं ते कळत नाही, आणि ऑइलची पट्टी ओढून पाहिली तर ऑइल चहाच्या रंगावर आलेलं असतं.

हे गॅसकेट स्वतःच्या बळावर काहीच अडवत नाही. त्याला दाबून धरतात ते स्टड. आणि स्टड हे काम कसं करतो याबद्दल आपल्या मनात एक चुकीचं चित्र पक्कं बसलेलं असतं. आपल्याला वाटतं, नट म्हणजे कुलूप. घट्ट फिरवला की बसला. खरं म्हणजे स्टड ही स्प्रिंग आहे. नट आवळताना आपण स्टडला वर ओढतो, तो लांबतो, आणि परत आखूड व्हायला पाहतो. त्या परत ओढण्याच्या जोरावर हेड खाली दाबलेलं राहतं. १४ मिलिमीटर जाडीचा आणि १२० मिलिमीटर मोकळी लांबी असलेला स्टड नीट आवळला तर पाव मिलिमीटरहून थोडा जास्त लांबतो, म्हणजे वहीची तीन पानं एकावर एक ठेवली तर होईल तेवढा. डोळ्याला न दिसणाऱ्या या लांबण्यात पाच-सहा टनांची ओढ साठलेली असते.

बैलगाडीचं चाक बांधताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. लोहार लोखंडी धाव चाकाहून थोडी लहान करतो. गोवऱ्यांच्या आरात ती लाल होईपर्यंत तापवतो, फुगलेली धाव चिमट्यांनी उचलून चाकावर घालतो आणि वर पाणी ओततो. धाव आवळते, आऱ्या तुंब्यात घट्ट बसतात, लाकूड करकरतं. त्यानंतर ती धाव कायम ताणात असते आणि चाक कायम दाबात. दगडावरून चाक आदळलं तरी आऱ्या हलत नाहीत, कारण आदळण्याचा जोर त्या मुळातल्या दाबापेक्षा कमी पडतो. ज्या दिवशी धाव सैल पडते, त्या दिवसापासून प्रत्येक धक्का सांध्यांना खायला लागतो.

हेडचं तसंच आहे. स्टडांची एकूण ओढ आतल्या ढुशीपेक्षा पुरेशी जास्त असली, तर ढुशीमुळे स्टडवर येणारा जादा ताण अगदी थोडा असतो. ढुशीचा बहुतेक जोर दाबलेल्या सांध्याचा दाब थोडा हलका करण्यातच जातो. स्टडला आत स्फोट झाला की नाही हे जवळजवळ जाणवतही नाही. ओढ कमी पडली तर मात्र प्रत्येक स्फोटाला स्टड ताणला जातो, सुटतो, परत ताणला जातो. तासाला ५४ हजार वेळा. मग तो एक दिवस थकून तुटतो. म्हणून तुटलेला स्टड पाहून "जास्त आवळला असेल" असं म्हणायची जी सवय आहे ती पुष्कळदा चूक ठरते. कमी आवळलेला स्टडही तुटतो, फक्त उशिरा तुटतो, आणि शक्यतो भरल्या गाडीत.

आता खरी गोम. आपल्याला हवी असते ती स्टडमधली ओढ. पण पान्याला ओढ कळत नाही. पान्याला कळतो तो फक्त विरोध: नट फिरवायला किती जोर लागला तेवढा. आणि त्या जोराचं काय होतं हे ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. सुमारे निम्मा जोर नटाच्या बुडाचं वायसरवर घासणं खाऊन टाकतं. त्याच्या खालोखाल, चाळीस टक्क्यांच्या आसपास, आट्यांचं आट्यांवर घासणं खातं. स्टड ताणण्याच्या खऱ्या कामाला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. घासणं थोडं वाढलं की त्या दहाव्या हिश्श्याचं नुकसान केवढं होईल याचा अंदाज करा.

आकड्यांत सांगतो. त्याच १४ मिलिमीटरच्या स्टडवर १२ किलोग्रॅम-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लावला, गॅरेजच्या भाषेत "बारा किलोवर मारला", आणि आटे कोरडे असले, तर ओढ येते ४,३०० किलोच्या आसपास. तेच आटे आणि नटाचं बूड स्वच्छ करून इंजिन ऑइलचा हात दिला, तर त्याच बारा किलोला ओढ ५,७०० पर्यंत जाते. पाना तोच, आकडा तोच, "कट्" असा आवाजही तसाच. ओढीत मात्र तिसऱ्या हिश्श्याचा फरक. गंजलेल्या, माती भरलेल्या आट्यांवर हा फरक आणखी वाढतो. म्हणून इंजिनाच्या पुस्तकात ऑइल लावून असं लिहिलं असेल तर ऑइल, कोरडं म्हटलं असेल तर कोरडं. आणि ऑइल सांगितलं असताना हाताला आलं म्हणून ग्रीस थापायचं नाही, कारण त्या पुस्तकातला आकडा काढणाऱ्यानं घासणं किती धरलं होतं ते त्या एका शब्दात आहे.

टॉर्क पान्याचा शोध लागला तोही एका पाणीपुरवठा खात्यात, ही गोष्ट मला फार आवडते. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या कॉनराड बार यानं १९१८ मध्ये तो बनवला असं मानलं जातं. जमिनीखालच्या नळांच्या सांध्यांचे बोल्ट कामगार अंदाजानं आवळत आणि तोडत, त्यावरचा हा उपाय. इंजिनवाल्यांच्या हाती तो नंतर आला.

आपल्याकडच्या गॅरेजात या पान्याची दोन दुखणी नेहमी दिसतात. एक एककाचं. जुन्या पुस्तकांत आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये, नव्यांत न्यूटन-मीटरमध्ये, आणि पान्यावर कित्येकदा फूट-पाउंडाची पट्टीही कोरलेली. १०० न्यूटन-मीटर म्हणजे १०.२ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे ७४ फूट-पाउंड. कुणी १०० चा आकडा चुकून फूट-पाउंडाच्या पट्टीवर लावला, तर टॉर्क एकदम ३६ टक्के जास्त जातो. दुसरं दुखणं म्हणजे या पान्यानं नट सोडवणं. गंजून बसलेला नट सोडवायला लांब दांडा सोयीचा पडतो हे खरं, पण त्यात आतली स्प्रिंग आणि तिचं माप बिघडतं. नट सोडवायला दांडा आणि गोटी वेगळी असू द्यावी. चांगला पाना वर्षातून एकदा, किंवा ५,००० वेळा वापरून झाला की, तपासून आणायचा असतो. लेथवाल्याकडे हेड फेसिंगला न्यायला आपण विसरत नाही, तसंच पाना तपासायलाही विसरू नये.

आता ती भोकं. दहावी झाल्यावरच्या वर्षी मी चुलत्यांच्या ट्रकवर हंगामभर होतो. ऐन हंगामात हेडचं गॅसकेट गेलं. एका गॅरेजात रात्रीतून काम उरकायचं ठरलं आणि हाताखाली मी होतो. त्या इंजिनाला स्टड नव्हते, बोल्ट होते, आणि ब्लॉकमधली भोकं तळाशी बंद होती. हेड उचललं की वाटांमधलं पाणी आणि ऑइल त्या भोकांत उतरतं. ती भोकं स्वच्छ करायचं काम माझ्याकडे होतं. मी चिंधी काडीला गुंडाळून तोंडाशी फिरवली. वरून स्वच्छ दिसली, पुढे गेलो. पहाटे पुस्तकात पाहून, ठरलेल्या टॉर्कवर सगळे बोल्ट नीट आवळले गेले. दुसऱ्या खेपेला काष्टीकडून ऊस भरून दौंडात शिरलो आणि कुरकुंभ मोरीजवळच्या रांगेत गाडीनं सगळं पाणी टाकलं.

हेड परत उघडलं तेव्हा कळलं. दोन बोल्टांच्या भोकांत बोटभर पाणी आणि ऑइल तसंच होतं. पाणी दाबलं जात नाही. बोल्टाचं टोक त्या पाण्यावर जाऊन टेकलं, पुढे जाईना, पान्याला विरोध जाणवला आणि पाना वाजला. आवळल्याचा आवाज आला, पण त्या दोन जागी हेड दाबलंच गेलं नव्हतं. बीडकडची ऊसतोडीची टोळी फडात बसून, गाडी रस्त्यात, आणि चुलते एक शब्दही बोलले नाहीत. अशा वेळी भोकापाशी ब्लॉक फुटूही शकतो. बोल्ट पिचकारीच्या दट्ट्यासारखा काम करतो. आमचा ब्लॉक वाचला. तेव्हापासून हवेचा पाइप भोकाच्या तळापर्यंत गेला की नाही हे मी स्वतः वाकून बघतो.

स्टडची गोष्ट इथं थोडी वेगळी. स्टड ब्लॉकमध्ये हातानं, फार तर हलक्या पान्यानं बसवायचा; त्याला तळाशी पिळून आवळायचं नाही. सगळी ओढ वरच्या नटानं द्यायची. याचा फायदा असा की आवळताना ब्लॉकचे आटे घासले जात नाहीत आणि स्टडला पीळ कमी बसतो, तो सरळ ताणला जातो. वायसरची कड घासलेली बाजू कोणती आणि ती वर की खाली, हेही पुस्तकात असतं. इतकं बघून मगच हेड वर ठेवायचं. त्याआधी पोलादी पट्टी हेडच्या तोंडावर आडवी, उभी आणि तिरपी धरून खालून फिलर गेजचं पान घालून पाहायचं. जेवढी वाकडी जागा गॅसकेट भरून काढतं त्याहून जास्त वाकडं असेल तर कितीही आवळा, ते हेड बसणार नाही.

मग येतो क्रम. सहा सिलिंडरचं हेड हात-दोन हात लांब असतं. एका टोकाकडून आवळत गेलं तर हेड वाकतं आणि गॅसकेट मधे फुगून बसतं. पुढे ती फुगवटी कितीही दाबली तरी जात नाही. म्हणून मधून सुरुवात करायची आणि आलटून-पालटून दोन्ही टोकांकडे जायचं. पोळी लाटणारी बाई मधला गोळा कडेकडेला नेते, तसंच. आणि एका दमात नाही. आधी सगळे नट ठरलेल्या टॉर्कच्या तिसऱ्या हिश्श्यावर, मग परत पहिल्यापासून दोन तृतीयांशावर, मग पुऱ्या आकड्यावर. नेमके टप्पे आणि नेमका क्रम त्या इंजिनाच्या पुस्तकात चित्रासह दिलेला असतो, त्यात आपलं डोकं चालवायचं नाही.

टप्पे का हवेत, हे मला तबल्यामुळे नीट कळलं. तबल्याला १६ घरं असतात. सूर लावताना वादक एका घरावर हातोडी मारतो, मग समोरच्या घरावर, मग मधल्यांवर, आणि फिरून परत पहिल्यापाशी येतो. कारण एक वादी ताणली की तिच्या समोरची आणि शेजारची ओढ बदलते. एका बाजूनं ठोकत गेला तर शेवटच्या घरापर्यंत पोहोचेतो पहिलं घर उतरलेलं असतं. हेडवरचा पहिला नट पुऱ्या टॉर्कवर आवळला आणि मग शेजारचा आवळला, तर गॅसकेट तिथं आणखी दबतं आणि पहिल्याची ओढ कमी होते. पान्याचा आवाज येऊन गेलेला असतो, ओढ मात्र गेलेली. हे थोडं थोडं, फिरून फिरून केलं तरच सगळ्यांचा वाटा सारखा येतो.

पाना ओढायची पद्धतही आहे. दांड्याच्या मुठीवर हात, आपल्याकडे एका संथ ओढीत खेचायचं. झटका दिला तर पाना आधीच वाजतो. मधेच थांबून परत ओढलं तर थांबलेला नट हलवायला जास्त जोर लागतो आणि तोच जोर पान्याला टॉर्क वाटतो. एकदा वाजला की हात काढायचा. खात्रीसाठी म्हणून परत एकदा वाजवणं म्हणजे जास्तीचा टॉर्क देणं.

घासण्याच्या या भानगडीतून सुटायला इंजिन बनवणाऱ्यांनी एक सुंदर वाट काढली. थोड्याशा टॉर्कवर नट टेकवायचा आणि मग पुढे मापून फिरवायचा, समजा पाव फेरा, म्हणजे ९० अंश. आट्याचा पल्ला ठरलेला असतो. १४ मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्यात एका फेऱ्याला नट २ मिलिमीटर खाली जातो, पाव फेऱ्याला अर्धा मिलिमीटर. या अर्ध्या मिलिमीटरचा काही भाग स्टड लांबण्यात जातो, काही हेड आणि गॅसकेट दबण्यात. घासणं कितीही असो, अर्धा मिलिमीटर तो अर्धाच. कमिन्सच्या बी मालिकेच्या ट्रक इंजिनांत, ज्यांच्यासाठी टाटा आणि कमिन्स यांनी जमशेदपूरला कारखाना काढला, हीच पद्धत आहे: आधी टॉर्क, मग ९० अंश. त्यात काही लांब बोल्ट रॉकरच्या आधारांतून थेट ब्लॉकमध्ये जातात, म्हणून त्यांच्यावर विशेष लक्ष. अशा बोल्टांची लांबी परत वापरण्याआधी मोजायची असते. मर्यादेपलीकडे लांबलेला बोल्ट म्हणजे ओढून ढिला पडलेला नाडा, त्यात परत जोर येत नाही.

शिरूरहून अर्ध्या तासावर रांजणगावच्या एमआयडीसीत मोटारींचा कारखाना आहे. आजच्या इंजिन कारखान्यात हे काम माणसाच्या हातानं होत नाही. एकाच वेळी अनेक बोल्टांवर विजेचे फिरकी पाने उतरतात, प्रत्येकाचा टॉर्क आणि कोन संगणक नोंदवतो, आणि आलेख वाकडा गेला तर ते इंजिन बाजूला काढलं जातं. न्हावरे रस्त्यावरच्या मिस्त्रींकडे त्या जागी आहे पांढऱ्या रंगाची बाटली आणि बारीक ब्रश. नट टेकला की ते नटाच्या एका कोपऱ्यावर रंगाचा ठिपका देतात आणि हेडवर ९० अंशांवर दुसरा. ठिपक्यावर ठिपका आला की झालं. कामाचा नेम तोच आहे, आणि तो पाळला तर हातानं केलेलं काम वर्षानुवर्षं टिकतं हे मी पाहिलं आहे.

मी त्या शेडमध्ये होतो त्या इंजिनाला मात्र जुन्या पद्धतीचं गॅसकेट होतं, थरांचं, मऊ. असं गॅसकेट पहिल्यांदा तापलं की थोडं बसतं. ते बसलं की स्टडांची ओढ उतरते, म्हणून ते परत आवळावं लागतं. नव्या पोलादी थरांच्या गॅसकेटला बहुधा याची गरज पडत नाही, आणि पुस्तक नको म्हणत असेल तर हातही लावायचा नाही. मी विचारलं, "मिस्त्री, उद्या परत टॉर्क मारताना नुसता पाना लावून वाजवला तर?"

"नाय जमत दादा. बसलेला नट पान्याला खोटं सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या दिवशी तापवलेलं इंजिन थंड झाल्यावर, ते आले. पहिला, मधला नट त्यांनी पाव फेरा सोडला, फक्त एकच, आणि लगेच एका ओढीत परत ठरलेल्या आकड्यावर आणला. नटाचा कोपरा कालच्या पांढऱ्या ठिपक्याच्या अंगठ्याच्या नखाएवढा पुढे जाऊन थांबला. मग त्याच्या समोरचा. असा एकेक करत शेवटचा. रात्रभरात गॅसकेट किती बसलं ते त्या ठिपक्यांवर लिहिलेलं होतं. हेड जरासं खाली आलं की रॉकरचं अंतर बदलतं, म्हणून नंतर फिलर गेज घेऊन बाराही टॅपेट सेट केले.

इंजिन परत सुरू केलं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून पोऱ्या वाकून पाण्यात बघत उभा राहिला. इंजिन तापलं, थर्मोस्टॅट उघडला, पाणी एकदा हललं आणि मग आतून संथ वाहायला लागलं. बुडबुडा एकही नाही. मिस्त्रींनी टॉर्क पाना पुसला, मुठीचा आकडा फिरवत फिरवत सगळ्यात खालच्या खुणेवर आणला, म्हणजे आतली स्प्रिंग ताणात राहणार नाही, आणि तो लाकडी पेटीत ठेवून पेटी पोऱ्याच्या हातात दिली.